हळद कुठे आहे?

माणसाला एक तरी छंद असावा, असं आमच्या शाळेतल्या मास्तरांचं ठाम मत होतं. त्यामुळे 'माझा आवडता छंद' या विषयावर मी पाचवीपासून अकरावीपर्यंत (आमच्या वेळी अकरावीलाच मॅट्रिक व्हायची आणि माणूस लगेच नोकरीच्या अर्जांना लागायचा) दरवर्षी एकच निबंध लिहिला: पोस्टाची तिकिटे जमवणे. प्रत्यक्षात आमच्या घरी पत्रं यायची ती फक्त मिरजेच्या आत्याची, आणि तीही कार्डं. कार्डावरचं तिकीट छापील. ते सोडवून घेता येत नाही. तेव्हा माझा छंद निबंधातच वाढला आणि निबंधातच वारला. पुढं बँकेत चिकटलो आणि चाळीस वर्षं लोकांच्या ठेवी जमवण्यात गेली.

२०१५ साली निवृत्त झालो. निरोपसमारंभात शाल, नारळ आणि 'आता छंद जोपासा' असा आशीर्वाद मिळाला. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, आशीर्वाद तेवढा शिल्लक राहिला. पण जोपासायला आधी छंद असावा लागतो. तो नसल्यामुळे मी घरात लक्ष घालायला लागलो. "कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या, तू तीनच मोजल्यास," असं मी महिनाभर सकाळ-दुपार सांगितल्यावर ही एक दिवस म्हणाली, "अहो, तुम्ही एखादा छंद का नाही लावून घेत?"

बायकोचं ऐकावं अशा मताचा मी आहे. मी ऐकलं. फक्त छंदासाठी जागा म्हणून तिचंच स्वयंपाकघर घेतलं.

तेव्हापासून दर रविवारी मी मिसळ करतो. साधीसुधी नव्हे. कांदा-खोबरं खरपूस भाजून वाटलेला मसाला, वर बोटभर तर्री, फरसाण वेगळं, बारीक चिरलेला कांदा वेगळा, लिंबाच्या फोडी वेगळ्या. 'बाबांची मिसळ' ही आमच्या घराण्यात आता संस्था झाली आहे. सून फोटो काढते. मुलगा तो फोटो परदेशातल्या बहिणीला पाठवतो. तिथून 'वॉव बाबा' येतं. शेजारचे निवृत्त तहसीलदार वास आला की 'सहज' डोकावतात आणि जाताना हिला म्हणतात, "वहिनी, नशीब काढलंत हो! नाहीतर आम्हाला चहासुद्धा येत नाही." हे ते अशा सुरात सांगतात, की चहा न येणं ही एखादी पदवी असावी.

आता ही मिसळ होते कशी, ते एकदा नीट लिहून काढतो. शुक्रवारी रात्री ही मटकी भिजत घालते. शनिवारी सकाळी ती उपसून फडक्यात बांधून ठेवते. शनिवारी दुपारी खोबरं किसते, लसूण सोलते, पाव सांगून ठेवते. रविवारी सकाळी मोड किती आले ते बघून मटकी शिजवून घेते. यानंतर मी येतो. सुनेनं वाढदिवसाला दिलेला ॲप्रन बांधतो, ओट्यापाशी उभा राहतो, बाह्या सरसावतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "हळद कुठे आहे?"

मिसळणाचा डबा गेली चव्वेचाळीस वर्षं ओट्याच्या उजव्या हाताला, एकाच जागी आहे. आम्ही दोन घरं बदलली, पण उजवा हात बदलला नाही. तरीही मी विचारतो आणि ती दाखवते. ही सांगलीची आहे. ज्या गावची हळद देशभर जाते, तिथल्या मुलीला दर रविवारी हा प्रश्न ऐकावा लागतो. मग तिखट, मग झारा, मग 'गॅस बारीक करू का?' असं करत दोन पातेली, एक कढई, मिक्सरची दोन्ही भांडी, चार वाट्या आणि सहा चमचे कामाला लावून मी मिसळ सिद्धीस नेतो. नेल्यावर दमतो. दमल्यावर आरामखुर्चीत बसून 'कशी झालीय?' असं विचारतो. ओट्यावर जे उरतं ते मी पाहिलेलं नाही. कारण तोवर मला झोप लागलेली असते.

तर वाचकहो, आता मी जे लिहिणार आहे ते आम्हा रविवारच्या बल्लवाचार्यांच्या विरुद्ध आहे. मी ज्ञातीचा घरभेदी आहे, असं खुशाल म्हणा.

माझं म्हणणं अगदी साधं आहे. मनात आलं तर करायचा आणि नाही आलं तर 'आज बाहेरून मागवू' म्हणायचं, तो स्वयंपाक छंद. अंगात ताप असो, दारात पाहुणे असोत, रात्री झोप झालेली असो वा नसो, जो करावाच लागतो तो स्वयंपाक म्हणजे काम. एकाच ओट्यावर एकानं छंद करायचा, दुसरीनं काम करायचं आणि टाळ्या छंदवाल्यानं घ्यायच्या, हा व्यवहार कुठल्याही लेखापरीक्षकानं तांबड्या शाईनं परत पाठवला असता.

मी बँकेतला माणूस. हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. रोजच्या बारा पोळ्या धरल्या तर वर्षाच्या चार हजार तीनशे ऐंशी. १९८१ पासून चव्वेचाळीस वर्षांच्या होतात १ लाख ९२ हजार ७२०. माहेरपणाचे दिवस वजा करा, पाहुण्यांच्या पोळ्या मिळवा, जमाखर्च जुळतो. माझ्या मिसळी, गावाला गेलो ते रविवार सोडून, दहा वर्षांत पाचशेच्या आत. या पाचशेंपैकी निम्म्यांचे तरी फोटो आहेत. त्या पावणेदोन लाखांवर पोळ्यांपैकी एकीचाही नाही. पोळीविषयी या घरात एकच वाक्य बोललं गेलं आहे: "आज जरा जाड झाली का गं?"

हे शहाणपण मला आपोआप सुचलं, असं समजू नका. त्याला निमित्त झालं ते २८ जुलै २०२५ चं. श्रावणातला पहिला सोमवार होता.

सांगली हळदीइतकीच बुद्धिबळासाठीही ओळखली जाते. भाऊसाहेब पडसलगीकरांनी तिथं या खेळाची गोडी लावली. हिला माझ्या सासऱ्यांनी ओसरीवर बसवून शिकवलं. १९७४ साली देशातली पहिली महिला अजिंक्यपद स्पर्धा झाली आणि वासंती खाडिलकर जिंकल्या, तेव्हा ही सोळा वर्षांची होती. ते वर्तमानपत्राचं कात्रण तिनं जपून ठेवलं होतं. पुढं वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिघी बहिणींच्या घरी त्या पदाचा मुक्काम बरीच वर्षं राहिला. 'मुलींना हे जमतं' हे त्या पिढीतल्या मुलींना या तिघींकडून कळलं.

तर त्या सोमवारी जॉर्जियातल्या बाटुमी गावी महिलांच्या विश्वचषकाचा निकाल लागायचा होता. एका बाजूला आपल्या नागपूरची एकोणीस वर्षांची दिव्या देशमुख, दुसऱ्या बाजूला आंध्रची कोनेरू हंपी. शनिवारचा डाव बरोबरीत, रविवारचाही बरोबरीत. (रविवारी घरात मिसळ होती. ही फोन बघत होती आणि मी विचारत होतो. काय विचारत होतो, ते सांगायला नको.) सोमवारी जलद डाव होते. पहिला पुन्हा बरोबरीत. दुसरा चालू होता तेव्हा हिनं फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, एका हातात डाव होता आणि उपास सोडायची वेळ होत आली होती.

"अगं, पानं घ्यायची ना?" मी म्हटलं.

"थांबा हो जरा. घड्याळ चालू आहे."

"कुणाचं?"

"दोघींचं."

मला वाटलं, आपणही काही हातभार लावावा. म्हटलं, "तू बघ. वरणाला फोडणी मी देतो." दोन पावलं पुढं गेलो आणि सवयीनं तोंडातून गेलं, "हळद कुठे आहे?"

तिनं मान वळवली, मिसळणाचा डबा उघडून माझ्या हातात दिला, चमचा शोधून दिला, आणि परत फोनकडे पाहिलं. डावाचा निकाल लागून गेला होता.

"झालं," ती म्हणाली. "दिव्या जिंकली." आणि भाताचं झाकण काढलं.

"मग चांगलं झालं की! आणि ते परत दाखवतात ना?"

"परत दाखवतात हो. पण मला ती चाल यायच्या आधी ओळखायची होती."

ती चिडून बोलली असती तर मी आवाज चढवून सुटलो असतो. पण ती नुसतीच बोलली आणि तूप वाढलं. रात्री म्हणाली, "खरं तर मला दोघी जिंकायला हव्या होत्या. हंपीनं मूल झाल्यावर परत येऊन जगज्जेतेपद मिळवलंय. जलद डावांचं. दोनदा." मी नुसतं 'हं' म्हटलं. मला झोप येईना. असं क्वचित होतं.

पडल्या पडल्या मला आपली मराठी भाषाच आठवायला लागली. स्वयंपाक करणाऱ्या पुरुषाला आपण बल्लवाचार्य म्हणतो. का, तर अज्ञातवासात भीम विराटाच्या मुदपाकखान्यात बल्लव नाव घेऊन राहिला होता. किती दिवस? एक वर्ष. एका वर्षाच्या नोकरीवर आचार्य! त्याआधी बारा वर्षं वनवासात पाच पांडव आणि त्यांच्यामागून आलेले ब्राह्मण जेवले ते द्रौपदीच्या थाळीवर. त्या थाळीची अट काय होती? द्रौपदी जेवेपर्यंत अन्न संपायचं नाही. म्हणजे वरदान सगळ्यांना, आणि शेवटी जेवायचं तिनं. ती थाळी आमच्या घरातही आहे. ही शेवटीच बसते. आणि आम्ही तोवर सुपारी कातरत असतो.

तहसीलदारांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "अहो, निसर्गाचाच नियम आहे. सुगरण पक्षीण बघा, घरटं कसं विणते!" आता हा त्यांचा नेम चुकला. सुगरण विणत नाही, नर विणतो. बाभळीच्या फांदीला लटकवून तो अर्धं घरटं करतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येऊन आत डोकावते, तपासते, पसंत पडलं तर राहते. मग तो उरलेलं घरटं पुरं करतो, आणि लगेच शेजारच्या फांदीवर दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं सुरू करतो. अंडी उबवण्याचं काम पहिलीच्या गळ्यात. मी तहसीलदारांना म्हटलं, "साहेब, हा पक्षी आपल्यातलाच आहे. दिखाऊ काम भर चौकात, आणि रोजचं काम आत एकटीला."

आता आमच्या ज्ञातीचे आक्षेप घेतो. वर्षानुवर्षं मीच ते घेत आल्यामुळे मला पाठ आहेत.

पहिला आक्षेप: आता काय, मिक्सर आहे, कुकर आहे, गॅस आहे. आमच्या आईच्या वेळी चूल होती. खरं आहे. पण आईच्या वेळी सकाळी भाकरी-आमटी आणि रात्री तीच आमटी असायची. यंत्रं आली आणि वाचलेला वेळ आपण खाऊन टाकला. सोमवारी इडली, मंगळवारी पावभाजी, बुधवारी 'परवा टीव्हीवर दाखवलं ते'. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची पाहणी केली आहे. २०१९ साली बिनपगारी घरकाम करणारी बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होती, आणि पुरुष ९७. तेही जे करतात त्यांच्यापुरतं. करणारे पुरुष मुळात शंभरात २६, बायका ८१. पाच वर्षांनी, २०२४ साली, पुन्हा पाहणी झाली. बायकांची मिनिटं १० नं उतरून २८९ झाली. हे ऐकून कुणी टाळी वाजवेल म्हणून पुढचंही सांगतो: पुरुषांची ९ नं उतरून ८८ झाली. बाईचं काम दहा मिनिटांनी कमी झालेलं दिसताच आपणही नऊ मिनिटं सुट्टी घेतली! २८९ मिनिटं म्हणजे पावणेपाच तासांहून थोडं जास्तच. बुद्धिबळाचा एक मोठा डाव तेवढ्यात खेळून होतो. रोज एक.

दुसरा आक्षेप: बायकांना आवडच असते. असते की! काहींना मनापासून असते. पण आवड आहे की नाही, हे कळायला आधी 'नको' म्हणायची सोय लागते. मला बँकेची आवड होती असं निरोपसमारंभात सगळे म्हणाले. मी सोमवारी जायचं थांबवून पाहिलं असतं, तर मॅनेजरनं आवड मोजून दाखवली असती.

तिसरा आक्षेप, आणि हा सर्वांत लबाड: आम्ही मदत करतो ना! या 'मदत' शब्दावर माझा विशेष राग आहे. घर माझं, पोट माझं, भूक माझी, आणि काम केलं तर ती तिला मदत. जेवताना मी कधी म्हटलं नाही, की 'मी हिला जेवण संपवायला मदत करतो आहे.'

हे सगळं लिहिल्यावर एक गोष्ट लपवली तर लेख खोटा होईल, म्हणून सांगतो.

लग्न होऊन ही घरात आली तेव्हा सांगलीहून दोन गोष्टी घेऊन आली होती. एक कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा'. १९७० साली निघालेलं आणि वाटी-चमच्याच्या मापानं घराघरांतल्या नव्या नवऱ्यांची पोटं सांभाळणारं. दुसरा, सासऱ्यांनी दिलेला बुद्धिबळाचा लाकडी पट. पहिल्या हिवाळ्यात एका रात्री ती म्हणाली, "खेळायचा एक डाव?" मी शाळेत बुद्धिबळ थोडं खेळलो होतो. कौतुकानं बसलो. सतराव्या चालीला माझ्यावर मात झाली. दुसऱ्या डावात मी शर्थ केली, बाविसाव्या चालीला झाली. तिसऱ्या रात्री तिनं पट मांडला, तेव्हा मी म्हटलं, "आज नको गं. भूक लागलीय. काहीतरी गरम कर." चौथ्या रात्री तिनं मांडला नाही. 'रुचिरा' ओट्याशेजारी गेलं आणि पट माळ्यावर गेला. मुलं लहान होती, वेळ नव्हता, जागा नव्हती, ही सगळी कारणं नंतरची. पहिलं कारण एवढंच, की मी हरत होतो. चव्वेचाळीस वर्षं मी त्याला 'भूक' म्हटलं.

त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर चढलो. गणपतीच्या मखराच्या खोक्याखाली पट सापडला. एक पांढरं प्यादं हरवलं आहे. त्याच्या जागी ही सुपारी ठेवते.

आमच्या ज्ञातीपुढं मी एकच ठराव मांडतो. रविवारची मिसळ बंद करा. मटकी न भिजवता मिसळ करणाऱ्यांनी तर आजच करा. त्याऐवजी मंगळवारची पोळी-भाजी घ्या. मंगळवारी पाहुणे नसतात, फोटो नसतात, तर्री नसते. दोडका असतो. घरात काय आहे, काय संपलं आहे, सकाळच्या उरलेल्या भाताचं काय करायचं, हे सगळं आदल्या रात्री डोक्यात घोळवायचं असतं. शिजवण्यापेक्षा हे घोळवणंच जड असतं, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

मी सुरुवात लगेच मंगळवारी करणार होतो. पण त्या दिवशी नागपंचमी निघाली. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मुहूर्त मला फारच मानवला. पण दिंडं उकडायला पुरण लागतं असं कळल्यावर मी धर्माला मान देऊन आठवडाभर थांबलो.

आता मंगळवार आणि गुरुवार माझे. दुसऱ्या मजल्यावरची अकरा वर्षांची मुलगी बुद्धिबळाच्या क्लासला जाते, ती त्या दोन संध्याकाळी येते. ओट्यावरून काहीही विचारायचं नाही, हा नियम मी स्वतःवर घालून घेतला आहे. त्यासाठी सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. हळदीच्या वाटीवर चिठ्ठी चिकटत नाही, पण ती पिवळी असते, हे माझ्या लक्षात आलं आहे.

परवाच्या मंगळवारी दोडका थोडा लागला. पोळ्यांना कडा जाड राहिल्या. ही पटावरून उठून आली, जेवली, आणि हात धुऊन परत पटाशी गेली. त्या पोरीनं उंटानं काहीतरी अडचण करून ठेवली होती. भाजीबद्दल एक शब्द नाही, पोळीबद्दल नाही. मी वाट बघितली. मग ओटा पुसला, भांडी घासायला टाकली, उरलेल्या दोन पोळ्या डब्यात ठेवल्या आणि उद्या सकाळी त्यांचा कुस्करा करावा की कसं, याचा विचार करत दिवा मालवला.